लाल की तपकिरी

४ मार्च

परत डाग! पाळीनंतरचे सात स्वच्छ दिवस मोजत आणले होते, आता पुन्हा पहिल्यापासून. मग शुद्धिस्नान, मगच नवऱ्याच्या खाटेला खाट. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमचं बीज स्नानाच्या आधीच येऊन जातं, दिवस राहणार कसे? थोडं आधी उरकून घ्या की. जणू दातांच्या डॉक्टरकडे जायची वेळ बदलायचीय.

डाग रब्बींना, आम्हा यहुद्यांच्या धर्मगुरूंना, दाखवायचं ठरलं. लाल असेल तर मोजणी मोडली, तपकिरी असेल तर नाही. मला लाज वाटते – डागाचं फडकं पाकिटात घालून नवरा नेणार.

५ मार्च

सासूबाईंनी पाकीट उघडलं! त्यांना वाटलं, पडद्याच्या कापडाचा नमुना. रंग बरा आहे म्हणाल्या, पण भिंतीला खुलणार नाही. नवरा नुसता मान डोलावत राहिला.

६ मार्च

रब्बी रंग उन्हातच बघतात. आभाळ भरलेलं.

८ मार्च

ऊन पडलं. रब्बींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. एका डोळ्याला लाल दिसतं, दुसऱ्याला तपकिरी. खिडकीत उभे राहून आळीपाळीने डोळे मिटत होते म्हणे. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान – लगेच म्हणाला, भिंग बदलून देतो. त्यांनी साफ नकार दिला. ज्याला निकाल हवाय त्याने न्यायाधीशाचा चष्मा करायचा नाही.

नवरा हसत सांगत होता. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. लग्नाला चार वर्षं झाली.

१० मार्च

आज मीच गेले. रब्बींनी खाली बघत विचारलं, असं नेहमी होतं का? हो म्हटलं. डॉक्टरांना सांगितलंस? त्या तारखाच विचारतात, म्हटलं.

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "पोरी, रंग सांगणं माझं काम. तो येतो कुठून, ते त्यांना बघायला लाव. जखमेचं रक्त असेल तर मोजणी मोडतच नाही."

म्हणजे इतके दिवस वेगळी खाट उगीचच? डोकं फिरायची पाळी.

१२ मार्च

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंना रब्बींच्या दोन डोळ्यांचं फार हसू आलं. आत बघितल्यावर दिवा जवळ ओढला. तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

घरी सासूबाईंनी पडदे लावलेत. हुबेहूब त्या फडक्याचा रंग – आता म्हणतात, भिंतीला खुलतो. जेवण जाईना.

१९ मार्च

जखम नाही. कर्करोग – अगदी सुरुवातीचा. नवऱ्याने मुलाचं विचारलंच नाही. "ही वाचेल ना?" एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचेल.