गेथिन सोमवारी निघतोय

मेनाई काठ, वेल्स
९ नोव्हेंबर २०२१

प्रिय नेस्ट पोरी,

कशी आहेस? आद्रियानरावांची पाठ आता काय म्हणते? लॉरी चालवताना पाठीशी उशी घेतात की अजून मर्दपणा मिरवतात? फेनाचे पुढचे दात आले का? सासूबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तुझा खोकला मात्र अंगावर काढू नकोस, आईची सवय आहे ती.

इकडे मी बरा आहे. शेजारच्या मायवन्वेबाई रविवारी रस्सा आणून देतात आणि भांडं परत नेताना मी किती खाल्लं ते झाकण उघडून बघतात. तुझा भाऊ गेथिनही बराच आहे म्हणायचा.

म्हणायचा, एवढंच. जेवत नाही नीट.

शिंपल्यांचं तुला आद्रियानरावांकडून कळलंच असेल. आपले शिंपले पोटातल्या वाळूसकट, जिवंत, रातोरात समुद्रापलीकडे तुमच्याकडे जायचे आणि तुमच्या खाडीत पसरले की स्वच्छ व्हायचे. आता आपला देश पलीकडच्या देशांच्या संघातून बाहेर पडला आणि आपण बाहेरचे झालो. बाहेरच्यांनी आधी धुऊन पाठवायचे म्हणे. एवढ्या मालाला पुरतील अशा टाक्या आपल्याकडे कुठल्या? ते काम तुमच्या खाडीनंच केलं इतकी वर्षं.

आपण त्या संघात गेलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तुझे आजोबा धक्क्यावर ओरडले होते, "आता ते फ्रेंच येऊन आपले शिंपले खाणार!" आणि खाल्लेच की त्यांनी. त्यावरच तर आपलं घर उभं राहिलं. आपल्या गावात कोण खातं? गेल्या महिन्यात गेथिननं बाजारात बादली मांडली, तर एक बाई विचारते, "हे काय, अंगणात घालायला का?" तो हसला. घरी आला आणि बूट न काढताच जिन्यावर बसून राहिला.

परदेशी बोटी हाकलायच्या म्हणून त्यानं संघाबाहेर पडायचं मत दिलं, आणि आपलं गिऱ्हाईक सगळं परदेशी आहे हे धक्क्यावर एकाच्याही डोक्यात आलं नाही. पण त्याला मी बोललो नाही. निकालाच्या दिवशी याच टेबलावर तो तुला म्हणाला, "आता तू इथली पाहुणी," आणि तू अर्धं ताट तसंच ठेवून उठलीस. तुमच्यात अबोला पडला त्याला पाच वर्षं झाली. तेव्हाही मी गप्पच बसलो होतो. दोघंही माझीच, कोणाची बाजू घेऊ?

आता लिहूनच टाकतो. आपली बोट, एन्व्हिस, विकली. मागच्या मंगळवारी आयरिश माणसं येऊन घेऊन गेली. त्याआधी दोन दिवस गेथिन तिला घासत होता. मी म्हटलं, "अरे, विकलेली बोट कोण एवढी घासतं?" तर म्हणाला, "बाबा, घाणेरडी गेली असती तर लोक म्हणाले असते, यांना सांभाळता आली नाही." ती वळणापलीकडे गेली तरी तो धक्क्यावरच उभा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेस्टला कळवलंत?"

"तू कळव की."

"कोणत्या तोंडानं? तिच्या नवऱ्याच्या शिंपल्यांच्या फेऱ्याही माझ्यामुळेच बुडाल्या."

"एकट्या तुझ्या मतानं देश बाहेर पडला होय रे?"

"तिला मी एकट्यानंच म्हटलं होतं, बाबा."

पोरी, मी त्याच्या जाकिटाची चेन लावत बसलो, लहान असल्यासारखी.

सोमवारी तो शेटलंडला निघालाय, पार उत्तरेकडच्या बेटांवर, सामन माशांच्या शेतीवर कामाला. नाताळला येशील ना, विचारलं, तर म्हणतो बघू. त्याचं बघू तुला माहीत आहे. या घरात आपल्याला कोणी माफ केलेलं नाही असं मनात धरून गेला, तर तो परत यायचा नाही. माझं वय आता वाट बघण्याचं राहिलेलं नाही.

मी बोट सांभाळू शकलो नाही, त्याचं दुःख आहे. पण ते लाकूड-लोखंड होतं.

मला नाही लिहिलंस तरी चालेल. त्याला लिही. फोनवरच चार ओळी, शिव्या घातल्यास तरी चालतील. फक्त सोमवारच्या आत पोचू देत. लवकर लिही, बाळ.

तुम्हा दोघांचाही,
बाबा