जिन्याच्या वळणावरचा बाक

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.४०
बाक फोडला! जिन्याच्या वळणावरचा, शहाबादी फरशीचा. घणाचा आवाज ऐकून बाहेर आले, तोवर तुकडे पोत्यात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरची मंदाकिनी रोज संध्याकाळी खाली उतरते ती त्या बाकावर दम खाऊन. हे पोराटोरांनाही ठाऊक.

जिन्याचं नूतनीकरण सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधर यांच्या मुलाकडे, अर्णवकडे. नवा आर्किटेक्ट! म्हणाला, "काकू, तिथे आता व्हॉइड आहे. पोकळी हेच डिझाइन."
"मग मंदाकिनीने पोकळीवर टेकायचं का?"
"स्पेस म्हणजे वस्तू नाही काकू. ती माणसांच्या वावरातून घडते. फिलॉसॉफी आहे त्यामागे."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोटांवर पट्टी मारून वाक्य शेवटपर्यंत न्यायला लावायच्या. मी त्याचंही नेलं— वावरातून घडते, तर वावरणारीलाच का हाकललंस? नेमका त्याला फोन आला.

५ नोव्हेंबर
मंदाकिनी उतरली नाही.

७ नोव्हेंबर
आजही नाही. वर गेले. गॅलरीत बसली होती. "आता वरच बरं गं." बरं? काय बरं!

पंचाईत अशी, की अर्णवचं तत्त्वज्ञान मला पटतं. आयुष्यभर शिकवलं मी. मुलं घरी गेली की भिंती उरतात, वर्ग उरत नाही. तत्त्व बरोबर आहे. फोडायला निवडलं ते चुकलं.

८ नोव्हेंबर
घरची वेताची खुर्ची नेऊन वळणावर ठेवली. मंदाकिनीला हात धरून आणलं, बसवलं. मी शेजारी पायरीवर.

श्रीधर आलेच. "अहो, जाण्यायेण्याला अडथळा होतो!"
"मग तिरके चाला. तुम्हाला सवय आहेच."

मंदाकिनी खळखळून हसली— मंगळवारनंतर पहिल्यांदा. अर्णव मोबाइलवर आमचे फोटो काढत सुटला. चेहरा असा, की जणू देव भेटला!

१२ नोव्हेंबर
खुर्ची श्रीधरांनी गच्चीवर कुलपात टाकली. आणि तो फोटो? 'वावरातून जागा' असं नाव देऊन अर्णव कसल्याशा स्पर्धेला पाठवतोय! म्हणजे आम्ही फोटोत हव्या, जिन्यात नको. मंदाकिनी पुन्हा गॅलरीत.

१३ नोव्हेंबर
अर्णव दारात. "काकू, तुम्हा दोघींची लेखी संमती लागते. सोमवारी शेवटची तारीख. एक सही, प्लीज!"

चहा दिला. सही नाही दिली. त्याच्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं— बाक होता तिथे, होता तसा बांधून देतो, असं लेखी उत्तर सेक्रेटरींच्या सहीने शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर स्पर्धेला नुसती पोकळी पाठव.