कपाटातला लॅपटॉप

२ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारच्या पानावर चूक झाली आहे. मी लिहिलं की रविराजने पासवर्ड मागितला आणि मला नाही म्हणता आलं नाही. तसं झालं नव्हतं. त्याने मागितलाच नाही. मीच कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून त्याच्या पुढ्यात ठेवला — मागेल म्हणून, मागायच्या आधीच! त्या पानावर त्याच्याविषयी जे रागाने लिहिलंय त्यातलं निम्मं माझ्या नावावर. फाडत नाही. समासात 'चूक' लिहून ठेवलंय.

बाकीचं मात्र खरं. लॅपटॉप शुक्रवारपासून त्याच्या जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. चालू केला की आतून टकटक येते, कुणी नखाने पत्रा वाजवावा तशी. त्याने कान लावला आणि म्हणाला, "हार्ड डिस्क जातेय ताई. गेली नाही अजून. जातेय." नुसतं ऐकून कळलं? की सगळ्यांना हेच सांगतो? नवीन डिस्क, वर जुनीतलं सगळं तिच्यात उतरवायची मजुरी. ट्यूशनचे पैसे हातात यायला दहा तारीख उजाडणार.

आत काय आहे ते त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते. सगळ्या पावसाळ्याचे फोटो. आप्पांच्या द्राक्षबागेतली निवडलेली पानं — दर आठवड्याला तेच पान, तोच डाग, केवडा रोग कसा पसरत जातो ते. माझा एम.एस्सी.चा प्रबंध सगळा त्याच्यावर उभा आहे. छाटणीत ती पानं गेली. पुन्हा फोटो काढायचे तर कशाचे काढू? फोनमध्ये जागा नव्हती म्हणून लॅपटॉपवर घेतले आणि फोनमधून पुसले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि एक जादा प्रत ठेवायचं सुचलं नाही!

द्यायच्या आधी खालच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. आप्पा द्राक्षाच्या क्रेटवर निळा ठिपका देतात, बाजारात अदलाबदल होऊ नये म्हणून. माझ्या खोलीवरची योगिनी बघत होती. "तेजे, लॅपटॉप दुरुस्तीला चाललाय की लिलावाला?"

३ नोव्हेंबर, सोमवार

सोमवारी दुकान बंद असतं. तरी त्या गल्लीतून गेले. शटर खाली. आत माझा लॅपटॉप आणि तो चिठोरा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते.

दुकानात गेले तर त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोल्डरची रांग. त्यात एक — 'तेजस्विनी निफाड'. माझं नाव! मी विचारलं हे काय. तो म्हणाला, कॉपी घेऊन ठेवली, डिस्कचा भरवसा नाही. कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं. त्यात पानं आहेत तसे घरचेही फोटो आहेत. आई न्हाऊन केस वाळवत बसलेली. मावशीचं बाळंतपण. हे सगळं एका परक्या माणसाच्या कॉम्प्युटरवर!

म्हटलं, पुसा.

"राहू द्या ताई. नवीन डिस्क घ्याल तेव्हा लागेल. नाही बघत मी तुमचे फोटो. पानंच पानं आहेत, बघायचं काय त्यात?"

म्हणजे उघडून बघितले. नाहीतर पानं आहेत हे कसं कळलं?

माझ्यासमोर पुसायला लावलं. कचऱ्याचा डबाही रिकामा करायला लावला. त्याने केलं, आणि मग खुर्चीत रेलून हसला. "डिलीट म्हणजे काय, पाटीवरून हात फिरवला. वर दुसरं लिहीपर्यंत खालचं दिसतंच." ही धमकी नाही तर काय?

तपासणीचे आणि आतून साफ केल्याचे पैसे घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "पावती? तपासायची?" ठिपका तडकला होता. उघडणारच, ते ठीक. पण उघडून काय काय केलं ते मला कुठे दिसतं?

निघताना बजावलं, "आता बिलकुल चालू करू नका. जितक्या वेळा चालू कराल तितकी जाईल. नवीन डिस्क घेऊन या, एका बैठकीत सगळं काढून देतो. माझ्यावर विश्वास नसेल तर डिस्क दुसरीकडून घ्या." मनातलं कसं कळलं याला?

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमेची सुट्टी. लॅपटॉप घेऊन गावी आले. खोलीवर ठेवला असता तर मीच दर तासाला चालू करून बघितला असता — माझा मला भरवसा नाही. आणि योगिनीच्या मैत्रिणी येतात जातात. एकदा तिने त्यावर सिनेमा लावलाच होता, न विचारता.

आईच्या लोखंडी कपाटात, पातळांच्या खाली ठेवला. किल्ली आईच्या कमरेला. याहून सुरक्षित जागा निफाड तालुक्यात नाही.

आप्पा फवारणी करून आले होते. दारातच हात धुता धुता विचारलं, "काय झालं त्याला?" मी म्हटलं, आतला एक भाग बंद पडायला आलाय, पैसे आले की बदलायचा. तोवर कपाटात.

"लय दिस बंद ऱ्हायला तर जाम नाय व्हनार?"

"नाही हो आप्पा. हे मशीन वेगळं असतं."

आप्पांनी हात पुसत एकदा कपाटाकडे बघितलं. आई म्हणाली, "तिला कळतं, तुमी नका मधी पडू." मला बस गाठायची होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डिस्कचे भाव चार दुकानांत विचारले. चार वेगळे आकडे. सगळे म्हणतात, "आमची ओरिजिनल." मग डुप्लिकेट विकतो कोण?

१० नोव्हेंबर, सोमवार

यज्ञेश्वर सरांनी प्रबंधाची प्रगती विचारली. मी त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले थोडे फोटो आहेत, पण ते धूसर. डागाची कड दिसत नाही. सर म्हणाले, "मूळ फोटो, तारखेसकट. नाहीतर हा विषय पुढच्या वर्षी घ्या." पुढच्या वर्षी! आप्पांनी चारचौघांत सांगून ठेवलंय की पोरगी यंदा पास होऊन नोकरीला लागणार.

सरांना डिस्कचं सांगितलं नाही. 'घरी आहेत' म्हटलं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

ट्यूशनचे पैसे आले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डिस्क घेतली, रविराजकडून नाही. दुपारी गावी जाऊन लॅपटॉप आणला. आप्पा बागेत होते, भेट नाही झाली. आईने पातळात गुंडाळून दिला, तान्हं बाळ द्यावं तसा. बसमध्ये मांडीवर धरून आणला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेली.

रविराजने जुनी डिस्क काढून त्याच्या यंत्राला जोडली. टकटक, टकटक, मग काहीच नाही. पुन्हा जोडली. पुन्हा तेच. एकही फोटो निघाला नाही. तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. एकदाच कसाबसा आकड्यांचा तक्ता आला. तो वाचून माझ्याकडे वळला.

"ताई, सांगितलं होतं ना बंद ठेवा म्हणून?"

बंदच होता, मी म्हटलं. आठवडाभर कुलपात.

"ही रोज चालू झालीये. किती वेळा चालू झाली ते डिस्क स्वतः मोजते. आणि नीट बंदही नाही केली, बटण दाबून मारलीये प्रत्येक वेळी."

मी खोटं बोलतेय असं माझ्या तोंडावर! मी म्हटलं, तुमच्याच दुकानात झालं असेल, शुक्रवार ते मंगळवार. तो म्हणाला, तेव्हाचा आकडा मी टिपून ठेवलाय. त्यानेच टिपलेला, त्यानेच दाखवायचा!

मग फुंकणी हातात घेऊन म्हणाला, "देवघरात ठेवता का? हळदकुंकू आहे पंख्याच्या जाळीत. मागच्या वेळी पूर्ण साफ केला होता मी." म्हणजे केलाच नव्हता! खंडेनवमीला आईने सगळ्या अवजारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली होती, तेच कुंकू असणार. साफ केल्याचे मात्र पैसे घेतले.

तिथूनच आईला फोन लावला. "आई, लॅपटॉप कोणी वापरला का?"

"कोन वापरनार बाई? आमाला येतं का त्यातलं? किल्ली माझ्या कमरेलाच व्हती."

फोन स्पीकरवर होता. त्याने ऐकलं. जुनी डिस्क टेबलावर तशीच टाकून आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

योगिनीचं म्हणणं स्पष्ट आहे. "तुझी डिस्क त्याने पहिल्याच वेळी काढली. ही कुणाची तरी मेलेली घातली. माझ्या पप्पांच्या मोबाईलचं मनमाडला असंच झालं." ठिपका मी स्क्रूवर दिला, डिस्कवर नाही. क्रेटवर खूण केली आणि आतली द्राक्षं मोकळी सोडली.

आमच्या भागातल्या मुलींचा ग्रुप आहे, बऱ्याच जणी आहेत त्यात. मी मजकूर लिहिला. दुकानाची खूण, त्याचं नाव, आणि 'माझी डिस्क बदलली असावी'. योगिनी म्हणाली, असं लिहिलं तर कोण वाचणार? तिने 'असावी' काढलं. 'डिस्क बदलतो. फोटो कॉपी करून ठेवतो. मुलींनी जाऊ नये.' पाठवायचं बटण मात्र मीच दाबलं. हे नीट लिहून ठेवते.

फोटो कॉपी केले होते, ते खरंच आहे. डिस्कचं नक्की माहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मजकूर कुठल्या कुठे गेला. मैत्रीण स्वानंदी गंगापूर रोडला राहते, तिच्याकडेही पोचला. तिने विचारलं, "हा तोच का गं, जिन्याखालचा? माझा प्रिंटर तर नीट करून दिला त्याने."

दुपारी रविराजचा फोन. ओरडेल म्हणून कानापासून लांब धरला. ओरडला नाही.

"ताई, वाचलं मी. सकाळपासून तीन जणी लॅपटॉप परत घेऊन गेल्या. तुमची जुनी डिस्क इथेच राहिलीये. घेऊन जा, नाहीतर म्हणाल तीही विकली."

मग तो म्हणाला, "आणि एक सांगा, घरी कोण आहे तुमच्या? कुणाला ओरडू नका. पण विचारा." आणि ठेवला.

आता माझ्या घरच्यांवर ढकलतो! आई खोटं बोलेल? आईला दुधात पाणी घालणं जमत नाही.

पण शुक्रवार ते मंगळवार त्याच्याकडे असताना आकडा वाढवून त्याला काय मिळालं असतं? हा प्रश्न सकाळपासून आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन आला. द्राक्षाचे घड कसे आहेत, कोण आजारी, कोणाचं लग्न. मग सहज हसत म्हणाली —

"लॅपटॉप नेला तवापासून तुझ्या आप्पांना सकाळचं करमत नाय. रोज हिरीवरली मोटार चालू करून यायचे, की लगेच कपाट उघडायला लावायचे मला. बटन दाबायचे, कान लावून बसायचे. टकटक वाजलं की म्हनायचे, 'घेतलं बघ यानं, मोटारीवानी.' मग दाबून बंद. पोरीचं मशीन जाम नको पडाया, म्हनायचे. मी पैल्याच दिवशी हळदकुंकू वाहिलं त्याला."

मी म्हटलं, आई, मी विचारलं होतं ना.

"वापरला का म्हनून विचारलंस. वापरला कुठं? नुसता चालू ठेवला."

मागून आप्पांचा आवाज. "तेजू हाय का? विचार, चालतोय ना?"

मी म्हटलं, चालतोय आप्पा.

आप्पांना हे कधीही कळता कामा नये.

फोन ठेवल्यावर चार तारखेचं पान उघडलं. 'वर दुसरं लिहीपर्यंत खालचं दिसतंच.' मी धमकी म्हणून लिहून ठेवलं होतं. माझ्या पानांची शेवटची प्रत त्याच्या कॉम्प्युटरवर पुसलेल्या पाटीखाली आहे, आणि तो रोज तिच्यावर इतरांचं उतरवून घेतो. आज आहे की नाही, कोण जाणे.

लगेच फोन करावा असं वाटलं. केला नाही. आधी फोटो मागितले तर माफी खोटी पडेल.

ग्रुपवर मेसेज टाकला, आत्ताच, योगिनीला न दाखवता. 'शुक्रवारी मी लिहिलेलं चूक होतं. त्याने डिस्क बदलली नाही. माझ्या घरीच ती खराब झाली. कॉपी माझ्या भल्यासाठी होती. — तेजस्विनी.' ज्या तिघी लॅपटॉप परत घेऊन आल्या त्यांची नावं ग्रुपवरूनच कळली होती, त्यांना वेगळा.

उद्या सोमवार, दुकान बंद. उद्या निदान तिथे नवीन काही लिहिलं जाणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. शटर वर जायच्या आधी मी त्या जिन्याखाली उभी असेन.