लाल ऑइलपेंट आणि लेन्झचा नियम

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून नियमित रोजनिशी. आजपासून सगळंच नियमित.
कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून रुजू झालो. टेम्पररी. ताई तिथेच शिकवते, तिनेच प्राचार्यांकडे शब्द टाकला. महिनाअखेर प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. ती नीट पार पडली तर ताई विभागप्रमुख आणि मी परमनंट. नाही पडली तर? असं विचारलं. म्हणाली, तर हा माझा सख्खा भाऊ आहे हे मला लोकांना परत परत सांगावं लागेल.
भावोजी म्हणाले, याच्या पायाला भिंगरी आहे, हा महिना टिकला तर मी मिशी काढीन. मिशी धोक्यात आहे.

४ फेब्रुवारी
लॅबची अवकळा. पट्टी-चुंबकांचे रंग पार उडालेत. लाल टोक म्हणजे उत्तर ध्रुव, निळं म्हणजे दक्षिण, पण कुठलं काय ते बघायला भिंग लागेल. ठरवलं: सगळे नव्याने रंगवायचे. ताईला सरप्राइज. माणूस आला की कामावर छाप दिसली पाहिजे.
दुपारी सायकलच्या डायनामोबद्दल वाचलं. चाकाबरोबर आत चुंबक फिरतो, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते, दिवा लागतो. म्हणजे सायकलवर जग फिरायला दिव्याचा खर्च शून्य. नकाशा शोधण्यात दुपार गेली. रंगाचं उद्या.

७ फेब्रुवारी
काचपेपरने सगळे चुंबक घासून लख्ख केले. मग लक्षात आलं की आता लाल टोक कुठलं हे कळायला काहीच उरलं नाही. पण डोकं चालवलं. एका जुन्या चुंबकावर उत्तर ध्रुवाचा कोरलेला एन शिल्लक होता. तो गुरू. बाकीच्यांचं जे टोक त्याच्या एनला चिकटेल तेही एन. आपलं माणूस आपल्या माणसालाच धरतं, यात अवघड काय? पुस्तकात ‘सजातीय ध्रुव’ असं काहीसं आहेही. पुढचं वाक्य वाचायची गरज भासली नाही.

८ फेब्रुवारी
ताईने बघितलं. नवा कोरा लाल, नवा कोरा निळा. एकेक उचलून बघितला. मग म्हणाली, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती रे. चांगल्या अर्थाने. टोकं तपासलीस ना? म्हटलं, एकेक करून. खोटं नाही.
संध्याकाळी फोनवर आईला सांगत होती, सुधारतोय. मी मुद्दाम दाराशी उभा राहिलो नव्हतो.

१२ फेब्रुवारी
ताईच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसलो. लेन्झचा नियम. चुंबक वेटोळ्याजवळ आणला की वेटोळ्यात वीज निघते, पण अशा दिशेने की येणाऱ्याला ढकलावं. दूर न्यायला लागलं की तीच वीज उलटी फिरते आणि जाणाऱ्याला धरते. थोडक्यात, आलं तर ‘कशाला आलास’, निघालं तर ‘कुठे चाललास’. आमच्या घरात हा नियम फार आधीपासून माहीत आहे. मला हसू आलं. ताईने वर्गासमोर बाहेर काढलं.

१६ फेब्रुवारी
सराव. एक चष्मेवाली आहे, गेल्या वर्षी प्रॅक्टिकल राहिलेली. मला हाक मारून म्हणाली, दादा, लाल टोक वेटोळ्यात नेलं की गॅल्व्हानोमीटरची सुई उजवीकडे जायला हवी, ही डावीकडे जाते. बघितलं. जाते खरी. बाकीच्या टेबलांवरही तेच. बाकीच्यांना त्रास नाही, ते पुस्तकातून ‘उजवीकडे’ असं उतरवून मोकळे.
फक्त एका टेबलावर सुई उजवीकडे. तिथे गुरू-चुंबक होता. सगळ्यांपेक्षा वेगळा वागतो म्हणजे तोच बिघडलेला. कपाटात ठेवून कुलूप लावलं. चष्मेवालीला म्हटलं, जे दिसतं तेच लिहायचं, विज्ञान म्हणतात ते हेच. ताईकडे कशाला जातेस, ती कामात आहे.

१९ फेब्रुवारी, दुपारी
शांतपणे लिहितो.
तार कुठल्या बाजूने गुंडाळली आहे ते बघून हिशेब मांडला. आमच्या लॅबमध्ये वेटोळं येणाऱ्या चुंबकाला ढकलत नाही. ओढून घेतं! म्हणजे लेन्झ चुकला. म्हणजे एकदा नुसता धक्का द्यायचा, पुढे चुंबक आपोआप आत, वीज फुकट, बिलं बंद. इतकी वर्षं कोणीच नीट बघितलं नाही?
नियमाला नाव काय द्यावं? स्वतःचं नाव द्यायला संकोच वाटतो. पण दुसऱ्याचं का द्यावं?

२० फेब्रुवारी
चुंबक वेटोळ्याच्या तोंडाशी ठेवून धक्का दिला. आपोआप आत गेला नाही. वेटोळं लहान असावं.

२२ फेब्रुवारी
जेवताना ताईला सहज विचारलं, समजा वेटोळं चुंबकाला ओढूनच घेत असेल तर? म्हणाली, तर जगात काहीच फुकटात मिळत नाही हे खोटं ठरेल. भावोजी म्हणाले, हा आपल्याकडे राहतोय ना, ठरलंच खोटं. ताई हसली नाही. सगळं ठीक आहे ना रे लॅबमध्ये? असं विचारलं. ठीक आहे म्हटलं.

२३ फेब्रुवारी
पुस्तकातलं ते पुढचं वाक्य वाचलं. ‘सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात.’
छपाईची चूक असावी.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
दुसऱ्या पुस्तकातही तीच चूक.

२४ फेब्रुवारी
घाबरायचं कारण नाही. परीक्षा सत्तावीसला. उद्या सगळे परत घासायचे, लाल तिथे निळा, निळा तिथे लाल. कोणाला कळणारही नाही. रंग आणायला बाजारात गेलो. दुकानाशेजारी एक जण गिटार दुरुस्त करत होता. तारांखालीसुद्धा चुंबक आणि वेटोळं असतं! तार हलली की वीज, वीज म्हणजे आवाज. मला दोन सूर वाजवू दिले. रंगाचं दुकान बंद झालं.

२५ फेब्रुवारी
रंग आणला. लॅबला सील. परीक्षेच्या आधी सामान बंद ठेवायचा नियम आहे म्हणे. शिपाई म्हणाला, तुम्हीच तर सही केलीत. केली होती, न वाचता.
ताईला सांगायला गेलो. सील लागण्याआधी ती परीक्षकांसाठी स्वतः टेबलं पुसून आली होती, थकली होती. म्हटलं, चहा करू का?

२७ फेब्रुवारी
परीक्षकांनी चष्मेवालीचं जर्नल उचललं. सुई उलटी कशी हो बाई? निसर्ग काय तुमच्यासाठी नियम बदलतो? ती म्हणाली, सर, गेली तशी लिहिली, तुम्हीच बघा. त्यांनी चुंबक आत नेला. डावीकडे. पलीकडच्या टेबलावर नेला. तिथेही डावीकडे, आणि तिथल्या जर्नलमध्ये ‘उजवीकडे’. तिसऱ्या टेबलावर तेच. मग दोरा मागितला आणि चुंबक टांगला. लाल टोक सावकाश फिरून दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून थांबलं.
म्हणाले, या वर्गात प्रयोग एकीनेच केलाय. बाकीच्यांनी पुस्तक उतरवलंय. परीक्षा रद्द, सगळ्यांची परत. एकीचीही. तिने चष्मा काढून पुसला.
मग विचारलं, रंग कोणी दिले?
मी कपाटामागे वायरी गुंडाळत होतो. मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. पण आवाज ताईचा आला. माझ्या देखरेखीखाली दिलेत, जबाबदारी माझी.
घरी भावोजींनी स्वतः माझं ताट वाढलं.
उद्या सकाळी प्राचार्यांना मी स्वतः सांगणार. वाक्यं पाठ केलीत.

२८ फेब्रुवारी
प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो. शिपाई म्हणाला, आत कोणीतरी आहे, बसा. बसलो. मग उभा राहिलो. मग वाटलं, चहा घेऊन यावं. मग बसस्टँडच्या पाट्या वाचल्या, जाणार कुठेच नव्हतो. परत आलो तर दारातून ताईच बाहेर येत होती. म्हणाली, चूक माझी असं लिहून दिलंय मी. विभागप्रमुख कोण होणार ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
लॅबमध्ये आलो. ती जमिनीवर बसली, हातात खडू. म्हणाली, तू दोरा धर, एकेक टांग, थांबला की मी खूण करते.
पहिला टांगला. फिरत राहिला. ती वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, चुंबक नाही रे, तुझा हात हलतोय. जरा एका जागी उभा राहा.
उभा राहिलो. तरी थांबला नाही.