शेजारच्या सीटचा अनुभव

३ मार्च
ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, मास्तर, नवा नियम आलाय. महिनाअखेरपर्यंत प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट काढा, नाहीतर तुम्हाला शिकवायला ठेवता येणार नाही. हसू आलं. अर्ध्या शहराला गाडी मी शिकवली. कागद काय क्लच दाबतो? असं मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, हो साहेब.

४ मार्च
मालकांची भाची सर्टिफिकेट घेऊन हजरसुद्धा. चकचकीत, लॅमिनेशन केलेलं. शिकवण्याचा अनुभव शून्य. तिला गाडी मीच शिकवली होती. म्हणजे सर्टिफिकेट तिचं, अनुभव माझा. मालकांना हा मुद्दा नीट समजावून सांगितला. ते म्हणाले, महिनाअखेर.

९ मार्च
आजपासून रोज परीक्षेचं पुस्तक वाचायचं. पहिलं पान वाचलं. लेखक जन्मात गाडीत बसलेला दिसत नाही. पुढे वाचण्यात अर्थ नाही.

१५ मार्च
लेखी परीक्षा. पिवळा दिवा लागल्यास काय कराल? दिलेल्या पर्यायांत 'पोलीस आहे का ते बघू' हा नव्हताच. शेवटी पेनाने खाली लिहिला. काठावर पास. तपासणाऱ्याच्या ज्ञानात भर पडली असणार.

१६ मार्च
ही म्हणाली, प्रॅक्टिकलच्या आधी माझी गाडी घेऊन दोन फेऱ्या मारा. म्हटलं, रोज गाडी चालवणाऱ्याला प्रॅक्टिस? तर म्हणे, तुम्ही चालवत नाही हो, बसता. मला रोज कामावर हीच सोडते, त्याने हिच्या डोक्यात हवा गेली आहे. तरी उद्या पहाटे मैदानावर जाईन. हिला न सांगता.

१७ मार्च
जाग आली नाही. अनुभव अंगातच असतो.

२४ मार्च
प्रॅक्टिकल. माझ्या डाव्या हाताचा मळ. पण ऐन वेळी माशी शिंकली. परीक्षक म्हणाला, पुढे वळा. मी शांतपणे म्हटलं, आरसा बघा, इंडिकेटर द्या. कोणीच दिला नाही. मग सवयीने स्टिअरिंग धरायला हात बाजूला नेला, तो दाराच्या काचेवर आपटला. गाडी फुटपाथवर. चूक सरळसरळ परीक्षकाची. शेजारच्या माणसाने ब्रेक वेळेवर दाबायचा असतो. त्याच्या जागी मी असतो तर हे झालं नसतं.

२५ मार्च
हिला सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. तिने आणखी एक पोळी वाढली. शिकवण्याशिवाय मला दुसरं काय येतं? नियमाविरुद्ध अर्ज करणार. कडक शब्दांत.

२९ मार्च
अर्ज लिहायला घेतला. 'महोदय' झालं.

३१ मार्च
मालक म्हणाले, पुढची परीक्षा होईपर्यंत भाचीच्या गाडीत मागे बसा, बघून शिका. भाचीने दार उघडून धरलं. मला 'सर' म्हणाली, तेच जास्त लागलं. स्टिअरिंगवर पार्लरवाल्या बाई. माझ्याकडे शिकायला होत्या तेव्हा प्रत्येक वळणावर गाडी बंद पाडायच्या. आज एकदाही पाडली नाही. भाची म्हणाली, छान, सरांनी पाया पक्का केलाय. बाई म्हणाल्या, कसला पाया, त्यांचा पाय सतत ब्रेकवर असायचा, गाडी चालणार कशी?

मी मागे बसलोय हे बहुधा विसरल्या. मी आठवण करून दिली नाही.