तेहतिसावं पत्रक

नासर,

तू कपडे न्यायला येशील तेव्हा मी शाळेत असेन, म्हणून ही चिठ्ठी. निळ्या जाकिटाची बाही शिवून ठेवली आहे. पातेल्यात मसूर आहे, हरीसाची मिरचीची चटणी तुला लागते तेवढी घातलीय. गरम करून खाऊन जा; भावाकडे तुझं धड जेवण होत नसणार.

सोबत माझ्या दुसरीच्या वर्गाचं या आठवड्याचं पत्रक आहे. वजाबाकी हातच्यापर्यंत आली. पुढच्या आठवड्यात मुलांना बिझर्तच्या बंदरावर मासे ओळखायला नेणार आहे. आणि या शुक्रवारी तीन वाजता मुलं घरच्यांपुढे धडा वाचणार आहेत. बत्तीस घरांची पत्रकं मी सहज वाटली. आपल्या घरचं तेवढं चार दिवस पर्समध्येच राहिलं.

आपली रनीम आता वाचताना अडखळत नाही. काल म्हणाली, "बाबा आले तर मोठ्यानं वाचीन, नाहीतर हळू."

"का गं?"

"मग ऐकणार कोण?"

आपण भांडलो त्या दिवशी कोण चुकलं, ते नंतर पाहू. तू ये. हवं तर मागच्या बाकावर बस. पालकांना मी नावानं हाक मारून आत बोलावते. तुझं नाव घेऊन मला किती दिवस झाले, नासर.

बस्मा