पंखावरचा नंबर

२ मार्च, रविवार
ही काल ताईकडे गेली. ताई म्हणजे हिची मोठी बहीण. ताईची कंबर धरलीय. चार-आठ दिवस लागतील. (कंबर धरलीय असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण त्या वयात धरते.) सामान जरा जास्त नेलंय, दोन मोठ्या बॅगा आणि स्वतःची उशी. सवयीची उशी नसली की हिला झोप लागत नाही.

भांडण झालं असं म्हणता येणार नाही. मी तर एक शब्द बोललो नाही, ग्लायडरच्या पंखाला सँडपेपर मारत होतो. हीच दारात उभी राहून म्हणाली, इतकी वर्षं तुला विमानं फेकताना बघतेय, एक नीट खाली आणलेलं बघितलं नाही. मग दार लावून घेतलं. हळू. आपटलं असतं तर राग आलाय हे मला समजलं असतं.

बोलणं मनाला लागलं. म्हणून संकल्प. ३० तारखेला आमच्या ग्लायडर क्लबचा वार्षिक दिवस. टेकडीवर चुन्याचं वर्तुळ आखतात, रिमोटने विमान बरोबर त्यात उतरवायचं. तोवर नवं मोठं ग्लायडर पूर्ण करायचं. हिला वर्तुळापाशी उभं करायचं आणि अलगद हिच्या पायाशी उतरवायचं. मग दोघं घरी येऊ. प्लॅन पक्का.

संकल्प दुसरा: रोज स्वयंपाक. आज ब्रेड.

५ मार्च, बुधवार
सुपरवायझरने विचारलं, वहिनी कशा आहेत? मस्त, म्हटलं. तो माझ्या शर्टाकडे बघत राहिला. इस्त्री नव्हती, एवढंच. आमच्या कारखान्यात छताचे पंखे बनतात आणि पाती तोलायचं काम माझ्याकडे आहे. पंखा डुगडुगला तर दोष कुठल्या पात्यात आहे हे मी नुसतं बघून सांगतो. अख्ख्या कारखान्यात हे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

संध्याकाळी पंखावर चढवायची लाल फिल्म आली. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगावा लागतो आणि तो जातो हिच्या फोनवर. मी सगळीकडे हिचाच नंबर देतो. गॅस, बँक, दातांचा डॉक्टर. मी फोन उचलत नाही, ही उचलते, अशी आमची कामाची वाटणी. कुरिअरवाला दारात ताटकळला. हिला मेसेज केला: ओटीपी?

चार आकडे आले. ना कसा आहेस, ना जेवलास का. पण लगेच! फोन हातात धरूनच बसली असणार बिचारी.

८ मार्च, शनिवार
सकाळी पंखाच्या झडपा हलवायच्या छोट्या मोटरा आल्या. चार आकडे. दुपारी टेप आली. पुन्हा चार आकडे. एका दिवसात दोनदा बोलणं झालं. गेल्या वर्षभरात इतकं झालं नसेल.

नवं धोरण: सामान एकत्र मागवायचं नाही. एकेक मागवलं की पॅकिंग चांगलं येतं.

९ मार्च, रविवार
साडू आला, टेम्पो घेऊन. साडू म्हणजे ताईचा नवरा. माणूस चांगला, पण विमानातलं ओ की ठो कळत नाही. हिचं शिलाई मशीन न्यायला आला होता. चहा नको म्हणाला. माझ्याकडे न बघता मशीनला दोरी बांधत बसला. ताईच्या कंबरेचं विचारलं. कंबरेला काय झालंय, म्हणाला. म्हणजे आता बरी आहे. मशीन किती दिवसांसाठी, विचारलं. तुम्ही तिच्याशी एकदा बोला, म्हणाला. रोज बोलतोय की, म्हटलं.

ताईकडे पडदे शिवायचे असणार. शिवायला बसली की हिला तहानभूक राहत नाही. अर्धवट शिवलेल्या कपड्यांचं गाठोडंही गेलं. त्यात माझ्या ग्लायडरची पिशवी होती, नुसती चेन लावायची राहिलेली. जाऊ दे. खिडकीपाशी ऐसपैस जागा झाली. आता अख्खा पंख आडवा मावतो.

फरशीवर मशीनच्या पायांचे डाग राहिलेत. साबण लावून घासले. जात नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार
कुरिअरवाला म्हणतो, काका, ॲपमध्ये नंबर बदला ना, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, तू तुझं काम कर. लोकांना नको तिथे नाक खुपसायची भारी हौस.

आज रबरबँडचं पाकीट आलं. या ग्लायडरला रबरबँड लागत नाहीत. घरात असावेत. आकडे यायला उशीर झाला. कामात असेल. पडदे.

१६ मार्च, रविवार
पहिली चाचणी. टेकडीवर कॅप्टन होता. हा क्लबचा सेक्रेटरी. चष्म्याचं दुकान आहे, खऱ्या विमानात आयुष्यात बसलेला नाही, पण सगळे कॅप्टनच म्हणतात. माझी फेक झकास झाली. हे त्यानेही कबूल केलं.

ग्लायडर आपल्याकडे तोंड करून येत असलं की डावं-उजवं उलटं होतं. मला हे पुरतं माहीत आहे, मी चारचौघांना शिकवलंय. तरी बोट नको त्या बाजूला गेलं आणि ग्लायडर काटेरी झुडपात. कॅप्टन म्हणाला, समोरून येतंय ना, मग त्याच्या जागी बसून बघावं, तुला ते अजून जमत नाही. वारा फिरला, म्हटलं. वारा पडलेला होता, पण याला काय कळतंय!

ग्लायडर काढताना हात सोलवटला. घरी येऊन ओरडलो, अगं, कापूस कुठंय? हाक मारून झाल्यावर आठवलं. कापूस फ्रिजवर होता.

२० मार्च, गुरुवार
मोडलेला पंख जोडायला गोंद मागवला होता. कुरिअरवाला दारात उभा, आकडे येईनात. शेवटी वैतागून पार्सल परत घेऊन गेला.

तासाभराने हिचा मेसेज. आकडे नाहीत. शब्द! ‘नंबर बदल.’ आकड्यांवरून शब्दांवर आलो. याला प्रगती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी लिहिलं, बरं. बदलणार अर्थातच नाही. पण हिच्या कुठल्याही म्हणण्याला आधी बरं म्हणावं, मग विसरून जावं. इतकी वर्षं याच्यावरच संसार चाललाय.

कारखान्यातून थोडा गोंद आणला. दुर्गंधी आहे, पण धरतो.

२३ मार्च, रविवार
हिला बोलावणं पाठवलं. आधी लांबलचक लिहिलं होतं. तू नसलीस की संध्याकाळी दिवा लावायचा राहून जातो, वगैरे. वाचून माझं मलाच कसंतरी झालं, पुसून टाकलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘३० ता. टेकडी. सकाळी १०. ये. नीट उतरवून दाखवतो.’

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. येणार नसती तर तसं लिहिलं असतं. फटकळ आहे.

क्लबचा नियम आहे, पंखाच्या खालच्या बाजूला फोन नंबर लिहायचा, म्हणजे विमान हरवलं तर ज्याला सापडेल तो कळवतो. मार्करने ठसठशीत लिहिला. हिचा. हात आपसूक तोच लिहितो.

२९ मार्च, शनिवार
ग्लायडर तयार. लाल पंख, पांढरं पोट. दोन बोटांवर तोललं, जराही झुकलं नाही.

घर झाडलं. पलंगावर धुतलेली चादर घातली. ही येणार म्हणून नाही, आधीची मळली होती. एकट्याने चादर घालणं म्हणजे वैताग आहे. हा कोपरा ओढावा तर तो सुटतो. हिच्या बाजूला उशी नव्हती, नवी आणून ठेवली.

३० मार्च, रविवार. सकाळी ७
दाढी केली. हिला आवडतो तो निळा शर्ट, स्वतः इस्त्री केलेला. कॉलरपाशी किंचित जळलाय. लांबून दिसत नाही. वारा एकदम माझ्या मनासारखा.

३० मार्च, संध्याकाळ
ग्लायडर सोडलं. टेकडीवर घारी घिरट्या घालत होत्या. घारी जिथे पंख न हलवता वर चढतात तिथे तापलेली हवा वर जात असते. त्यांच्या खाली नेलं आणि ते चढायला लागलं. मी काही करत नव्हतो, नुसता उभा होतो. आयुष्यातलं माझं सगळ्यात सुंदर उड्डाण. कॅप्टन ओरडला, फार वर गेलं, ब्रेकच्या झडपा उघड, खाली आण! मी ऐकलं नाही. खालच्या वळणावर साडूची पांढरी गाडी दिसली होती. ही उतरेल तेव्हा ते वर असायला हवं. हिने आधी वर बघायला हवं, मग खाली आणायचं.

ग्लायडरवरून नजर काढायची नाही, हा आमच्यातला पहिला नियम. नवख्याला पहिल्या दिवशी हाच शिकवतात. गाडी थांबली आणि मी खाली बघितलं. साडूच्या बाजूचं दार उघडलं. मी पलीकडचं दार उघडायची वाट बघितली. बराच वेळ बघितली. उघडलं नाही.

वर बघितलं तर नुसतं आभाळ. सगळे माना वर करून शोधायला लागले. कॅप्टनने माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला, बटणं दाबून बघितली. कुठे काही नाही.

साडू धापा टाकत वर आला. हातात माझी ग्लायडरची पिशवी. चेन लावलेली, कोपऱ्यांवर दुहेरी शिलाई. तिने दिलीय, म्हणाला. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. ती परत येणार नाही, आणि तुम्हाला हे स्पष्ट सांगायला सांगितलंय. मी म्हटलं, पिशवी फर्स्ट क्लास झालीय.

रिकामी पिशवी खांद्याला लावून घरी आलो. चेन उघडली, लावली, उघडली. कुठे म्हणून अडकत नाही. मग रडलो. भरपूर. लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे.

१ एप्रिल, मंगळवार
अरे, पंखावर हिचा नंबर आहे! ज्याला सापडेल तो हिला फोन करणार. मग हिला मला करावाच लागणार. नुसते चार आकडे पाठवून भागायचं नाही, कुठे आहे, कोणाकडे आहे, सगळं सांगावं लागेल. उगाच टिपं गाळली परवा.

रिंग मोठी केली. कारखान्यात फोन चालत नाही, तरी खिशात ठेवला. त्या नादात एक डुगडुगता पंखा माझ्या हातून पास झाला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. मग जवळ येऊन म्हणाला, सुट्टी हवी तर घे. मला कशाला सुट्टी?

३ एप्रिल, गुरुवार
फोन वाजला. धावत घेतला. क्रेडिट कार्ड विकणारी बाई. आवाज गोड होता. तिच्याशी बराच वेळ बोललो. कार्ड नको आहे हे शेवटी सांगितलं.

५ एप्रिल, शनिवार
फोन आला. हिचा नाही. टेकडीपलीकडचा रोपांच्या नर्सरीवाला. ग्लायडर त्याच्या सावलीच्या जाळीवर येऊन पडलंय. आधी पंखावरच्या नंबरवर केला, म्हणाला, बाई बोलल्या, त्यांनी तुमचा नंबर दिला. मी विचारलं, शोधून दिला की तोंडपाठ? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, एका दमात सांगितला साहेब.

अजून काय म्हणाल्या? मोडलंय का, विचारलं. थोडं मोडलंय म्हटल्यावर म्हणाल्या, तो चिकटवेल. आणि निरोप दिलाय, म्हणाला. यापुढे स्वतःचा नंबर लिही म्हणावं.

जाऊन आणलं. पंखाचं एक टोक तुटलंय, बाकी धड. कुठून सोडलं होतं, त्याने विचारलं. टेकडी दाखवली. म्हणाला, बाप रे, एवढ्या लांबून येऊन किती नीट उतरलंय, कोणी उतरवलं? कोणीच नाही, म्हटलं.

पिशवीत बरोबर बसलं.

८ एप्रिल, मंगळवार
रविवारी स्पिरिटने पंखावरचा हिचा नंबर पुसला. मार्कर उघडला आणि तसाच बसलो. माझा नंबर मला येत नाही. कधी लागलाच नाही. कॅप्टनला फोन केला, म्हटलं, तुझ्याकडे माझा नंबर असेल तो वाच. त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. पुन्हा एकदा सांगितला. का, कशाला, काही विचारलं नाही. एरवी इतका बडबड्या माणूस. लिहिला. मग ॲपमध्येही बदलला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं.

आज गोंद आला. कुरिअरवाला नेहमीसारखा दाराला टेकून उभा राहिला, त्याला वाटलं वेळ लागणार. चार आकडे माझ्याच फोनवर आले. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवले. जमलं की काका, म्हणाला. पाणी हवं का, विचारलं. घाईत होता, गेला.

दार लावून घेतलं. हळू.